उरलेली कॉफी: कशी ठेवायची, कशी गरम करायची

जळगाव-धुळ्याकडचं घर मुळात चहाचं. तरी आता बहुतेक घरांत चहाच्या डब्याशेजारी कॉफीची बाटली असतेच. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेलेली मुलं सुटीत घरी आली की कॉफी मागतात. भुसावळला रेल्वेत नाहीतर दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणारे घरून निघताना कपभर घेतात. परीक्षेच्या दिवसांत तर पोरांची रात्रभर चालते. आणि कॉफी आली की उरलेली कॉफीही आली. सहा जणांसाठी ठेवली, त्यातले दोघे ऐन वेळी म्हणाले, "आम्हाला चहाच द्या." पातेलं ओट्यावर झाकून राहतं, संध्याकाळी त्यालाच पुन्हा उकळी येते आणि पहिल्या घोटालाच तोंड वाकडं होतं.

ही कॉफी टाकून द्यायची गरज नसते. पण चहासारखी पुन्हा उकळून ती चांगली होत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती बाहेर ठेवणं तर धोक्याचंच. घरी नुकतीच कॉफी करू लागलेल्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी: दूध आणि कॉफी जितका वेळ वेगळी राहतील तितकं बरं. दूध पडलं की कॉफीला दुधाचे नियम लागू होतात, ती नासते. काळी कॉफी सहजी नासत नाही, तिची फक्त चव जाते. पुढे जे सांगितलंय ते सगळं यातूनच निघतं.

पहिलं काम: उरलंय काय ते बघा

आपल्या घरांत कॉफी चार तऱ्हेने उरते. सर्वांत जास्त उरते ती दुधाची, साखर घालून उकळलेली. दुसरी काळी, म्हणजे नुसत्या गरम पाण्यात इन्स्टंट पावडर विरघळवलेली किंवा कॉफीची पूड पाण्यात घालून गाळलेली. तिसरं फिल्टरचं डिकॉक्शन, दोन मजली स्टीलच्या फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेलं. आणि चौथी फेटलेली कॉफी: वाटीत पावडर, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन फिकट, फेसाळ होईपर्यंत घोटलेली, जी कपात घालून वरून गरम दूध ओततात.

यातल्या शेवटच्या तिन्ही ठेवायला सोप्या. जपायचं ते पहिलीला.

कपात उरलेली उष्टी कॉफी मात्र ठेवायच्या भानगडीत पडू नका, मग ती कुठलीही असो. तोंडातले जंतू तिच्यात गेलेले असतात. ठेवायची ती पातेल्यातली, कोणाच्या ओठाला न लागलेली.

एकदा पाकीटही वाचून घ्या. बाजारातल्या बऱ्याच पावडरींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाची भाजून दळलेली मुळी. तिच्यात कॅफीन नसतं, पण रंग गडद येतो आणि कॉफी दाट लागते. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असावं असा नियमच आहे. हे इथे सांगायचं कारण, उरलेली कॉफी काळीकुट्ट दिसली की ती फार कडक आहे असं समजून लोक तिच्यात पाणी वाढवतात. तो रंग पुष्कळदा चिकोरीचा असतो. आधी चमचाभर चाखा, मग ठरवा.

दुसरं काम: घड्याळ बघा

दुधाची कॉफी असेल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: ती गॅसवरून उतरून किती वेळ झाला?

दुधाचा कुठलाही पदार्थ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिला की त्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून जगभर एक ठोकताळा वापरतात: असा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. खान्देशात राहणाऱ्याने यातलं दुसरं वाक्य ओट्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावं. मार्च सरता सरता आपलं स्वयंपाकघर बत्तिशीच्या वर जातं ते पाऊस पडेपर्यंत खाली येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर असतो तेव्हा पत्र्याच्या घरात, गॅस पेटलेला असताना, आत काय होत असेल ते सांगायला नको. म्हणजे वर्षातले तीन महिने आपल्यासाठी नियम एका तासाचा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दोन तासांचा. धुळ्याला थंडीत पारा एक आकडी होतो हे खरं, पण ते बाहेरचं, पहाटेचं. बंद स्वयंपाकघर काही फ्रिजइतकं गार होत नाही.

हा नियम सगळ्यात जास्त मोडतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माहेरवाशिणी आलेल्या असतात, खापरावर मांडे चाललेले असतात, एका बाजूला आमरस. जावईबापू आणि शहरातून आलेली मंडळी कॉफी घेतात म्हणून सकाळीच मोठं पातेलं भरून ठेवलेलं असतं आणि ते चुलीच्या धगीशी सरकवलेलं असतं, गार होऊ नये म्हणून. दुपारी झाकण काढाल तर वर जाड साय सुरकुतलेली, कडेने तपकिरी वळी उमटलेली, आणि बोट लावलं तर कोमट. हे कोमट राहणंच वाईट. धगीजवळचं पातेलं ना धड गरम राहतं ना धड गार होतं, आणि जंतूंना नेमकं तेच मानवतं.

यावर घरातलं कोणी हमखास म्हणतं, "एक उकळी काढू, सगळं मरतं." मोठ्या माणसांचा अनुभव मोठा असतो, पण इथे हे अर्धंच खरं आहे. उकळीने बहुतेक जिवंत जंतू मरतात, पण बॅसिलस सेरियससारख्या जंतूंचे बीजाणू उकळी पचवून राहतात आणि कोमट झालं की पुन्हा वाढतात. शिवाय तो जंतू आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस अन्नात जे विष सोडतात त्यातलं काही उकळल्यावरही तसंच राहतं. उलट्या-जुलाब होतात ते त्या विषाने. त्याला वास नसतो, चव नसते. तेव्हा "वास तर चांगला येतोय" हीसुद्धा खात्री धरू नका. वेळ उलटून गेली असेल तर ती कॉफी ओतून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

काळ्या कॉफीला ही घाई नाही. तिच्यात दूध नाही, साखर नसेल तर जंतूंना खायला फारसं काही नाही, आणि ती थोडी आंबटही असते. झाकून ठेवली तर त्या दिवसापुरती ती बाहेर राहिली तरी बिघडत नाही. फक्त दर तासाला तिचा वास कमी कमी होत जातो.

तिसरं काम: झटपट गार करा आणि झाका

दुधाची कॉफी ठेवायचीच ठरली तर आपोआप गार व्हायची वाट बघू नका. परातीत किंवा घमेल्यात गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा आणि दोन-चार मिनिटं पळीने ढवळत राहा. नळाचं पाणी उन्हाळ्यात टाकीतून गरमच येतं, त्यामुळे माठातलं घ्या. फ्रिजमधले बर्फाचे चार खडे परातीत टाकले तर आणखी चांगलं. कॉफी कोमटाच्या खाली आली की गाळून साय काढा. साय राहिली तर पुन्हा गरम करताना तिच्या चिंध्या होतात, आणि आपल्याकडे म्हशीचं दूध असल्यामुळे साय जाडच असते.

मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत किंवा स्टीलच्या डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये. झाकण का, तर दुधातली स्निग्धता शेजारचा वास पटकन ओढते. खान्देशी फ्रिजमध्ये शेजारी काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे: ठेचा, भरीत, कालची शेवभाजी. उघडं पातेलं ठेवलं तर सकाळी कॉफीला लसणाचा वास येणार. प्लास्टिकच्या डब्यातही तीच अडचण, लोणच्याचा वास प्लास्टिकमधून जात नाही.

कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कॉफी ठेवू नका. कॉफी आम्लधर्मी असते, धातू तिच्यात उतरतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करून लगेच प्यायलात तर ठीक, पण रात्रभर त्यात ठेवायला नको. घरात आजी-आजोबांच्या वेळचा पितळी फिल्टर असेल तर आतली कल्हई शाबूत आहे का बघा. गेली असेल तर करून घ्या.

अशी दुधाची कॉफी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपवा. त्याहून जास्त टिकेलही, पण रोज दार शंभरदा उघडलं जातं त्या घरातल्या फ्रिजवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. दारातल्या कप्प्यात ठेवूही नका, तो सगळ्यात गरम असतो. आत, मागच्या बाजूला ठेवा.

फ्रिज नसेल तर दुधाची कॉफी ठेवायचा विचारच सोडा. आपल्या कोरड्या हवेत माठ झकास गार होतो, ओलं फडकं गुंडाळून कूलरसमोर ठेवलेलं भांडंही चांगलं उतरतं, पण प्यायला गार लागणं वेगळं. माठातलं पाणी ५ अंशांच्या जवळपासही जात नाही. काळी कॉफी त्यात ठेवायला हरकत नाही, दुधाची नाही.

लाइट गेली तर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. फ्रिजचं दार न उघडता राहिलात तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. लाइट कधी गेली ते बघून ठेवा. दुपारी गेली, संध्याकाळी आली आणि मधे दार उघडझाप झाली असेल तर दुधाची कॉफी काढून टाका. त्यामागे ठेवलेलं डिकॉक्शन बहुधा ठीक असेल, चाखून बघा.

डिकॉक्शन, काळी आणि फेटलेली: ठेवायच्या त्या याच

ज्या घरात रोज कॉफी होते तिथे दुधाची कॉफी उरूच नये अशी सोय करता येते, आणि नव्याने शिकणाऱ्याने माझ्या मते थेट इथूनच सुरुवात करावी.

फिल्टर असेल तर वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे, साधारण २० ग्रॅम, पूड घाला, दाबणीने हलकेच दाबा आणि उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी ओता. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरतं. लागेल तेवढं वापरा, उरलेलं छोट्या काचेच्या बाटलीत, अगदी गळ्यापर्यंत भरून, फ्रिजमध्ये ठेवा. बाटली छोटी हवी, कारण आत हवा जितकी कमी तितकी चव जास्त टिकते. मोठ्या डब्याच्या तळाशी दोन चमचे डिकॉक्शन ठेवलं तर ते एका रात्रीत शिळं लागतं. नीट भरलेलं दोन-तीन दिवस चांगलं राहतं, पहिल्या दिवशी सगळ्यात छान.

फिल्टर नसेल तर इन्स्टंट पावडरीचंही हेच करता येतं: अर्धी वाटी गरम पाण्यात चार-पाच चमचे पावडर विरघळवून ठेवायची. पण खरं सांगायचं तर इन्स्टंट कॉफी ऐन वेळी करायलाच एवढी सोपी असते की ती साठवण्यात फारसा अर्थ नाही. तिथे फेटलेली कॉफी कामाची. आखाजीच्या किंवा लग्नाच्या आदल्या रात्री वाटीभर फेटून ठेवा, साखर अंमळ जास्त घाला, झाकून फ्रिजमध्ये. आठवडाभर सहज राहते. ठेवल्यावर तळाशी थोडं पाणी सुटतं, ते पुन्हा ढवळून घ्यायचं. पाहुणा आला की कपात एक चमचा आणि वरून उकळतं दूध. दहा जण चहा घेणारे निघाले तरी नुकसान काहीच नाही.

काळी कॉफी ठेवायची तर गाळून, साखर न घालता, बाटलीत भरून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. गाळणं महत्त्वाचं. तळाशी पूड राहिली तर ती पाण्यात आपला कडवटपणा सोडत राहते.

चौथं काम: गरम करणं

आधी कडू का होते ते बघू, म्हणजे पुढचं लक्षात राहील. कॉफीच्या दाण्यात क्लोरोजेनिक आम्लं असतात. तयार कॉफी आचेवर राहिली की ती तुटत जातात आणि क्विनिक आणि कॅफिक आम्लं वाढतात. घशाशी जो तुरट-कडू चटका बसतो त्यातला मोठा वाटा यांचा. शिवाय कॉफीचा वास म्हणजे उडून जाणारी द्रव्यं, आणि खळखळ उकळी आली की ती वाफेबरोबर जातात. स्वयंपाकघरात घमघमाट सुटतो तेव्हा कपातला वास कमी होत असतो. चहाला आपण उकळी काढतो, आलं-मसाला घालून दोनदा उकळतो, आणि तो त्याने चांगला होतो. कॉफी तशी नाही. तिला उकळू द्यायचं नाही.

म्हणून सगळ्यात चांगली रीत: कॉफी गरमच करू नका, दूध गरम करा. पातेल्यात दूध उकळून घ्या, गॅस बंद करा, कपात दोन मोठे चमचे फ्रिजमधलं डिकॉक्शन आणि साखर घाला, वरून ते उकळतं दूध ओता. थंड डिकॉक्शन थोडंच असतं आणि दूध पुष्कळ, त्यामुळे कप हवा तेवढा गरम राहतो. फेस हवा असेल तर दोन पेल्यांत उंचावरून एकदा खाली-वर करा. ही कॉफी ताज्या कॉफीपासून ओळखू येत नाही. गवळ्याचं सुटं दूध असेल तर ते आधी नीट उकळलेलंच असायला हवं, हे वेगळं सांगायला नको.

काळी कॉफी गरम करायची असेल तर कप किंवा वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, आपण गोठलेलं तूप पातळ करतो तशी. पाणी उकळलं की गॅस बंद, वाटी आत ठेवून चार-पाच मिनिटं. वेळ नसेल तर थेट गॅसवर, जाड बुडाच्या छोट्या पातेल्यात, मंद आचेवर. कडेला मोत्यांएवढे बुडबुडे दिसू लागले आणि वाफ वर आली की उतरवा. त्याच्या पुढे एक मिनिटही नको. आणि जेवढी प्यायची तेवढीच काढा, बाटली तशीच फ्रिजमध्ये राहू द्या.

दुधाची उरलेली कॉफी असेल तर इथे थोडी वेगळी गोष्ट करावी लागते, कारण चवीपेक्षा पोट महत्त्वाचं. ती नुसती कोमट करून प्यायची नाही. मंद आचेवर, सतत ढवळत, चांगली वाफाळेपर्यंत गरम करा, म्हणजे निदान ७५ अंशांपर्यंत. घरात तापमापक नसतो, म्हणून खूण अशी: पृष्ठभाग थरथरू लागतो, कडेने बुडबुडे येतात आणि दूध वर चढायच्या बेतात असतं. तिथेच उतरवा. ढवळणं थांबवलंत तर दूध खाली लागतं आणि तो करपट वास सगळ्या कॉफीला येतो, मग तो कशानेच जात नाही. तळ खरवडून वर आणू नका. चव उतरलेली वाटली तर चिमूटभर ताजी पावडर किंवा थोडी वेलची घालून बघा. किंचित किसलेलं जायफळही जुन्या कॉफीला सावरून घेतं. गरम करायची ती एकदाच. त्यातून उरली तर ती गेली.

उतरवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून प्या. ६५ अंशांहून गरम पेयं सतत पिणं अन्ननलिकेला बरं नाही असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय, आणि आपल्याकडे जीभ भाजेल असं प्यायची सवय फार आहे.

मायक्रोवेव्ह असेल तर काचेचा किंवा चिनी मातीचा कप घ्या, सोनेरी काठाचा नको, स्टीलचा तर नकोच. एका कपाला ३० सेकंद, बाहेर काढून ढवळा, मग १५-१५ सेकंदांनी वाढवा. ढवळण्याचा आळस करू नका. मायक्रोवेव्हमध्ये पातळ पदार्थ बुडबुडा न येता उकळीच्या पुढे तापू शकतो आणि चमचा घातल्याबरोबर उसळून हातावर येतो. कपात आधीच एक लाकडी चमचा किंवा काडी ठेवली तर हा धोका बराच कमी होतो.

गरम करताना फुटली तर

कॉफीची आम्लता आणि दुधात वाढत चाललेली आम्लता एकत्र आली आणि वर उष्णता मिळाली की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. दूध ताजं असूनही फार कडक, आंबटसर कॉफीत ते कधी कधी फाटतं, पण फ्रिजमधून काढलेली कॉफी फुटली तर बहुतेक वेळा दूध जुनं झालेलं असतं. गाळून, साखर घालून ती वाचवायचा प्रयत्न करू नका. ताजी करताना हे टाळायचं तर थंड दूध उकळत्या कॉफीत ओतण्यापेक्षा गरम दुधात कॉफी घाला.

शेतावर, गाडीत, पाळीला: थर्मास

रब्बीत शेतीपंपाला रात्रीची लाइट असते तेव्हा गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला जाणाऱ्याबरोबर थर्मास असतो. रेल्वेत आणि कारखान्यात पाळी करणाऱ्यांचाही असतो. कॉफी पुन्हा गरम करायची सोय नसते, तिथे ती आधीपासून गरम ठेवणं एवढंच हातात असतं.

थर्मास रिकामा असताना त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ते ओतून कॉफी भरा. एवढ्याने फार फरक पडतो, नाहीतर पहिली ऊब थर्मासची आतली भिंतच खाते. गळ्यापर्यंत भरा, अर्धा थर्मास लवकर निवतो. दुधाची कॉफी भरली असेल तर उकळती भरा आणि चार तासांच्या आत संपवा. उघडल्यावर वाफ येत नसेल, नुसती कोमट असेल, तर पिऊ नका.

याहून चांगला उपाय पुन्हा तोच: थर्मासमध्ये नुसती काळी कॉफी न्या, आणि एका कोरड्या डबीत दूध पावडर आणि साखर मिसळून न्या. बांधावर बसून कपात दोन चमचे पावडर, वरून काळी कॉफी. पहाटे चार वाजता उघडला तरी धोका नाही. काळी कॉफीही थर्मासमध्ये दोन-तीन तासांनंतर जरा उतरते, कारण ती आत तापलेलीच असते, पण पिण्यासारखी राहते.

एक गोष्ट लक्षात असू द्या. कॉफी शिळी झाली, फिकी लागली, पुन्हा गरम केली, तरी तिच्यातलं कॅफीन तेवढंच राहतं. दीडशे मिलिलिटरच्या इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, पूड वापरून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात म्हटलंय. संपवायची म्हणून रात्री दहाला उरलेली कॉफी घेतली तर झोप जाणारच. जेवणाच्या तासभर आधी आणि नंतरही ती नको, अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

उन्हाळ्यात गरम करूच नका

एप्रिल-मेमध्ये उरलेली काळी कॉफी गरम करण्यापेक्षा बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. खडे झाले की काढून झाकणाच्या डब्यात भरा, म्हणजे फ्रीजरचा वास लागणार नाही. महिनाभर वापरता येतात. फ्रीजरमध्ये ते वितळून पुन्हा गोठलेले दिसले, एकाला एक चिकटून गोळा झालेला असला, तर लाइट बराच वेळ गेली होती असं समजा. काळी कॉफी असल्यामुळे त्यांचं फार बिघडत नाही, पण शेजारच्या दुधाच्या पदार्थांकडे मग नीट बघा.

हे खडे थंड दुधात टाकले की कोल्ड कॉफी. साध्या बर्फाने ती पाणचट होते, कॉफीच्या बर्फाने उलट शेवटचा घोट जास्त कडक लागतो. आणि केळी तर आपल्या दारातली. रावेर-यावलकडचं, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं पण आतून घट्ट असं एक घ्या. पेलाभर गार दूध, कॉफीचे चार खडे, ते केळं, सगळं मिक्सरमधून एकदाच फिरवा. साखर लागत नाही. लगेच प्या, ठेवलंत तर केळं काळं पडतं आणि दूध आहेच.

शेवटी भांडी. कॉफीत तेल असतं, ते थर्मासच्या आत आणि बाटलीच्या झाकणाच्या रबरात बसतं आणि काही दिवसांनी खवट वास देऊ लागतं. नवी कॉफी कितीही चांगली केली तरी तो वास तिला लागतो. आठवड्यातून एकदा थर्मासमध्ये चमचाभर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा, झाकण घट्ट लावू नका. रबर काढून वेगळं घासा, बाटलीच्या ब्रशने आत फिरवा, दोनदा धुवा आणि झाकण न लावता उलटं करून पूर्ण वाळू द्या.